मुका तपास

आमच्या घरात कुणावर पटकन विश्वास ठेवत नाहीत. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, तो आमचा धंदा आहे. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. भाजीवाल्यांचे, सोनारांचे, पार्सलवाल्यांचे, आणि सगळ्यात नखरेल म्हणजे औषधांच्या प्रयोगशाळेतले, जे काचेच्या पेटीत बसतात आणि शेजारी कुणी उसासा टाकला तरी ज्यांचा आकडा थरथरतो. खाली कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली, तिच्यात दगडी टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं आणि मखमलीच्या डबीत प्रमाण वजनं. ती चिमट्यानेच उचलायची. बोटाने उचलली तर बोटाचं तेल लागून वजन बदलतं, आणि मग बाबांचा चेहराही बदलतो.

कारखान्याचा एक नियम आहे. ज्याने काटा दुरुस्त केला त्याने एकट्याने तो तपासायचा नाही. दुसऱ्याने गुपचूप पारड्यात वजनं ठेवायची, कुठलं ठेवलं ते सांगायचं नाही, चेहऱ्यावरची रेघही हलू द्यायची नाही. पहिल्याने नुसता आकडा वाचायचा. याला आम्ही मुका तपास म्हणतो. बाबा म्हणतात, स्वतःचं पोर आणि स्वतः दुरुस्त केलेला काटा, दोन्ही माणसाला सरळच दिसतात, म्हणून तपास मुकाच हवा.

या हिवाळ्यात आम्ही तो ताईवर केला. तिचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे बघायला.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. शाळा संपल्यावर ती सरळ खाली कारखान्यात उतरली आणि बघता बघता बाबांच्या पुढे गेली. हे बाबाच सांगतात, अर्थात ती समोर नसताना. तिचा हात असा की वजन पारड्यात टेकलं तरी पारड्याला पत्ता लागू नये. तिची परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. ती पास झाली की प्रयोगशाळेच्या काट्यांवर तिची स्वतःची सही चालणार होती, बाबांची लागणार नव्हती. त्यामुळे ती झोपत कमी होती, बोलत त्याहून कमी होती, आणि चहात साखर घालायला विसरून वर चहालाच नावं ठेवत होती.

जिन्याला लागून असलेल्या खोलीत मामा राहतो, आईचा धाकटा भाऊ. तरुणपणी त्याला मनाचा मोठा आजार झाला. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला वाटायचं, भिंतीतून आवाज यायचे. बाहेर जाताना तो दाराच्या फटीवर दोरा चिकटवून जायचा, मागे कुणी आत शिरलं का ते कळावं म्हणून. डॉक्टर या आजाराला सायकोसिस म्हणतात. आता तो गोळ्या नेमाने घेतो, कारखान्यात बसून स्क्रू निवडतो आणि सगळ्यांची टिंगल करतो. माझं नाव त्यानेच भोंगा ठेवलंय. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे, आणि यंदा शाळेच्या विज्ञान सभेत मेंदूवर असं काही बोलले की मागच्या बाकांनीही टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी थांबलेलेच नाही, असं मामाचं म्हणणं. माझं म्हणणं, ज्यांना बोलायचंय त्यांनी मध्ये घुसायला शिकावं.

तर झालं असं. थुंकी तपासून जनुकांची माहिती देणारी कुठलीशी कंपनी आहे. ताईच्या मैत्रिणीने तिथून नळी मागवली, एकीवर एक फुकट मिळाली, ती तिने ताईला दिली. नळीत थुंकायचं, पाठवून द्यायचं, मग फोनवर तुमची अख्खी कुंडली येते. ती आली त्या संध्याकाळी ताई जेवताना वाचून दाखवायला लागली. तुम्हाला कडू चव जास्त जाणवते. तुमचे केस दाट. तुमच्या कानातला मळ ओला. यावर मामा म्हणाला की एवढ्यासाठी नळी कशाला, उशीचा अभ्रा बघितला असता तरी कळलं असतं. आई हसून हसून बेजार झाली. मग ताई म्हणाली, हे बघ भोंग्या, हे तुझ्या खात्यातलं, आणि तिने वाचलं: डोपामाइनच्या रिसेप्टरच्या जनुकात एका अक्षराचा फरक, सायकोसिसचा धोका किंचित वाढण्याशी संबंध आढळला आहे.

सगळे मामाकडे न बघता आपापल्या ताटात बघायला लागले. म्हणून मी बोलले.

मी सांगितलं की डोपामाइन हे मेंदूतलं एक रसायन असतं. अमुक गोष्ट महत्त्वाची आहे, इकडे बघ, असं ते मेंदूला सांगतं. ते ज्या जागी जाऊन बसतं ती जागा म्हणजे रिसेप्टर, आणि ती जागा बनवायची कृती जनुकात लिहिलेली असते. कुणाच्या कृतीत एखादं अक्षर वेगळं असतं. मग मी म्हणाले की थांबा, तुमच्याच भाषेत सांगते. समजा मन म्हणजे काटा. आपल्या पारड्यात पडदा हलला, कुणी खोकलं, तर आकडा शून्यच राहतो. सायकोसिसमध्ये वजन नसलेल्या गोष्टींना वजन यायला लागतं. पडदा हलला, त्याचं वजन. परका माणूस खोकला, त्याचं वजन. मला माझं उदाहरण इतकं आवडलं की मी ते दोनदा सांगितलं. मामाने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, अगदी तसंच.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे काटा जास्त नाजूक आहे?"

"तसंच काहीसं," मी म्हणाले.

खरं तर तिथे 'किंचित' हा शब्द परत म्हणायला हवा होता. पण टाळ्यांची सवय लागली की बारीक शब्द तोंडातून गळून पडतात. बाबांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ताई एक काटा पोचवायला गेली होती. बाबांनी कारखान्याचं दार लावून घेतलं आणि आईला आणि मला टेबलापाशी बसवलं. आधी दोघांचं जुंपलं. बाबा म्हणाले की हे तुझ्या माहेरचं. आई म्हणाली की वा, खोट असली की माझ्या माहेरची आणि पोरीचे हात मात्र तुमच्याकडचे. पण बाबांना भांडायचं नव्हतं, ते घाबरले होते. मामाच्या वेळी सगळ्यांना फार उशिरा कळलं होतं. आजोबा म्हणत राहिले की पोरगा हुशार आहे म्हणून जरा चक्रम आहे. आणि मग एके दिवशी मामा नाहीसा झाला. तो एका गोदामाच्या पाण्याच्या टाकीमागे सापडला, उपाशी, ओठ फुटलेले, आणि त्याला तिथून खांद्यावर टाकून आणलं ते बाबांनी. नुकतंच लग्न झालं होतं त्यांचं. पुन्हा उशीर करणार नाही, असं बाबा म्हणाले. समोर बसवून विचारलं तर ती सावरून उत्तर देईल. मुका तपास करायचा. लहान वजनांपासून सुरुवात.

आईने माझ्याकडे बघितलं. मी घरातली शास्त्रज्ञ. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझ्या अंगावर काटा आला, आणि तो छान वाटला.

पहिलं वजन म्हणजे तिचा बारीक स्क्रू ड्रायव्हर. बाबांनी तो तिच्या खिळ्यावरून काढून शेजारच्या खिळ्यावर टांगला. ताईने इकडे तिकडे बघितलं, तो सापडला, तिने जागेवर लावला, विषय संपला. बाबांनी मला डोळ्यांनीच सांगितलं: शून्य. मग चिमटा हलला. मग तिचं स्टूल थोडं बुटकं झालं. मग बाबा आणि आई बोलत असताना ती आत आली की दोघं गप्प व्हायला लागले, ती काय समजते ते बघायला. एका दुपारी आईने रिकाम्या खोलीत रेडिओ अगदी बारीक आवाजात लावून ठेवला. ताई जिन्यात थबकली. आत कोण बोलतंय, असं तिने विचारलं. तोवर आईने तो बंद केला होता. आई म्हणाली, कुठे काय. मग आई स्वयंपाकघरात आली आणि ओट्याची कड धरून उभी राहिली, आणि मी पाणी देऊ का विचारलं तर माझ्यावरच खेकसली. अनोळखी नंबरवरून ताईला फोन यायला लागले, उचलला की तुटायचे. ते बाबा करत होते. मी म्हणाले की बाबा, हे जरा जास्त होतंय. ते म्हणाले की एका वजनाने काटा कळत नाही.

माझं काम तिचा चेहरा वाचण्याचं होतं. कपाळाला आठी पडली का, मागे वळून बघितलं का, हात थांबला का. संध्याकाळी ताई आंघोळीला गेली की मी बाबांना सांगायचे.

आणि आकडा खरोखर चढत होता. ताई दारात आधी उभी राहायला लागली, खोली नजरेने चाचपून मग आत यायला लागली. फोन वाजला की दचकायची. जेवताना पाठ भिंतीला टेकेल अशीच खुर्ची घ्यायची. डोळ्यांखाली काळं आलं. एकदा हत्यार शोधताना ती स्वतःशीच म्हणाली, हे मुद्दाम हलवलंय कुणीतरी. मी ते जसंच्या तसं बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ डबीतली वजनं पुसत बसले. ते म्हणाले, सरळ माणूस म्हणतो, कुणी हलवलं. मुद्दाम हलवलं असं म्हणत नाही.

मला तेव्हा वाटलं होतं की हे वाक्य फार हुशार आहे.

एका सकाळी मी दप्तर भरत होते. ताई पलंगाच्या कडेवर येऊन बसली. तिच्या हातात माझी रिबन होती, ती उगाच बोटाला गुंडाळत होती.

"भोंग्या, एक विचारू? घरात माझ्याबद्दल काही चाललंय का?"

"नाही गं. काय चालणार?"

"नक्की?"

"परीक्षेचं टेन्शन आलंय तुला," मी म्हणाले.

माझ्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. बाबांना अभिमान वाटला असता. तिने रिबन माझ्या दप्तरावर ठेवली आणि म्हणाली, असेल. पण ती ज्या आवाजात म्हणाली तो शाळेपर्यंत माझ्याबरोबर आला, आणि त्या दिवशी बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा माझा हात वर गेला नाही.

मग रविवार आला. ताईने सगळ्यांना खाली बोलावलं, मामालाही. ती टेबलापाशी उभी होती, कामाचा कोट घातलेला, केस नीट बांधलेले. अगदी शांत. काट्याबद्दल गिऱ्हाइकाला सांगावं तसं तिने सांगितलं. काल काम संपल्यावर तिने प्रत्येक हत्याराच्या मुठीला खडूची बारीक भुकटी लावून ठेवली होती, दिसणार नाही एवढीच. आज सकाळी दोन मुठी पुसलेल्या होत्या. तिने त्या हातात घेऊन दाखवल्या.

"चोर नाही," ती म्हणाली. "काही नेत नाही. नुसतं हलवतं. मला कळावं आणि मी सांगितलं तर कुणाला पटू नये, असं हलवतं."

आईने तोंडावर हात दाबला. मला कळलं ती काय बघत होती. ती दाराच्या फटीवरचा दोरा बघत होती. मामा खाली मान घालून उभा होता.

मी मात्र बाबांच्या बाहीकडे बघत होते. उजव्या बाहीच्या काठाला पांढरी रेघ होती. बाबांनीही ती तेव्हाच बघितली असावी, कारण त्यांनी तो हात हळूच पाठीमागे नेला.

"बस कर, बाळा," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं की उद्यापासून तू टेबलावर बसायचं नाहीस. परीक्षा या वेळी नको. उद्या मामाच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी फोन केलाय. ताईने आमच्या प्रत्येकाकडे एकेकदा बघितलं. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ बघितलं. मग तिने कोट काढला, बाहीवर बाही ठेवून घडी केली आणि स्टुलावर ठेवला.

डॉक्टरांच्या इथे बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि कुंडीत प्लास्टिकचं झाड. आई, बाबा आणि ताई आत गेले. मी शाळा बुडवून आले होते. मामा येणारच होता, त्याच्या ओळखीची जागा ती. दार लागलं. मी झाडाची पानं बघत बसले.

"भोंगा बिघडला वाटतं," मामा म्हणाला.

मी एका पानावरची धूळ बोटाने पुसली.

मग तो हळू आवाजात बोलायला लागला, समोरच्या भिंतीकडे बघत. "माझ्या वेळी माझ्यावर पाळत ठेवायला कुणालाही सवड नव्हती. शेजारी बिचारे सकाळी कामाला जायचे, रात्री घोरत पडायचे. मी म्हणायचो बघतायत, आणि कुणी कुत्रंही बघत नव्हतं. तेच तर दुखणं होतं. पण ताईकडे तुम्ही तिघं सकाळपासून डोळे लावून बसता. मी स्क्रू निवडतो गं, आंधळा नाही."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"मी?" तो हसला. "मी सांगितलं असतं की घरात पाळत ठेवतायत, तर आत तिच्या शेजारच्या खुर्चीवर मलाही बसवलं असतं. म्हणाले असते, याचं परत सुरू झालं." त्याने खिशातून त्याची गोळ्यांची डबी काढली, नुसती हातात फिरवली. "या मला लागतात. या नसत्या तर मी टाकीमागेच मेलो असतो. तिला लागल्या तर तिनेही घ्याव्यात. पण आत ती आत्ता खरं सांगतेय, भोंग्या. खरं सांगितलं म्हणून कुणाला औषध देतात का?"

दाराआडून ताईचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता आवाज, सपाट. मध्येच बाबांचा. मग डॉक्टरांचा. मग कुणाचाच नाही, म्हणजे कुणीतरी काहीतरी लिहून घेत असणार.

  मी उठले, दार ढकललं आणि न विचारता आत गेले.

ताई मधल्या खुर्चीत होती, हात मांड्यांवर. डॉक्टर बाई वयाने आईएवढ्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. बाबा म्हणाले, छोटी, बाहेर बस. मी उभीच राहिले.

"ती सांगतेय ते खरं आहे," मी म्हणाले. "वस्तू हलतात. मुद्दाम हलतात. आम्ही हलवतो."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"छोटी," बाबा म्हणाले, अगदी खालच्या आवाजात, "तपास बोलून दाखवला की मोडतो."

"मोडू दे. बाबा, काटा वाहायला लागला की तुम्ही आधी काय बघता?"

आमच्या कारखान्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रिकाम्या काट्याचा आकडा आपोआप सरकायला लागला तर काट्याला हात लावायचा नाही. आधी टेबल बघायचं. कुणी टेकून उभं आहे का, खिडकी उघडी आहे का, जवळ गरम काही ठेवलंय का. दहातल्या नऊ वेळा काटा बरोबर असतो आणि टेबल हलत असतं. बाबांनीच शिकवलंय. ताईला, मला, मामालासुद्धा.

 बाबांनी स्वतःच्या उजव्या बाहीकडे बघितलं. दुसरा शर्ट होता, बाही स्वच्छ होती, तरी बघितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं नीट विचारलं. बाबांनी सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही, उलट एखादं राहू नये म्हणून आठवून आठवून सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, स्टूल. ताई ऐकत होती. ती मध्येच आईकडे वळली.

"रेडिओ?"

आईने मानेनेच हो म्हटलं आणि ती रडायला लागली.

"फोन?"

"मी," बाबा म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू काय करत होतीस?"

"मी तुझा चेहरा वाचत होते. आणि सांगत होते."

तिने मान डोलावली, आकडा वाचून झाल्यावर डोलावते तशी. त्यानंतर पुष्कळ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीठ दे, एवढंही नाही.

डॉक्टरांनी त्या कुंडलीबद्दल जे सांगितलं ते मी इथे नीट सांगते, कारण आधी मी ते अर्धवट सांगितलं होतं. ते एक अक्षर पुष्कळ लोकांत वेगळं असतं. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. आणि ज्यांना हा आजार होतो त्यातल्या कितीतरी जणांत ते अक्षर अगदी साधंच निघतं. अशी शेकडो अक्षरं असतात, प्रत्येकाचा धक्का इवलासा. त्याहून जास्त फरक घरात कुणाला आजार होता का याने पडतो, झोप उडाल्याने पडतो, गांजासारख्या नशेने पडतो, सतत धास्तीत राहिल्याने पडतो. त्या म्हणाल्या की एका अक्षरावरून माणूस ओळखता आला असता तर माझं काम फार सोपं झालं असतं. बाबांनी विचारलं, मग आज तिला काय म्हणायचं? त्या म्हणाल्या, आज काहीच म्हणता येत नाही. तुम्ही इतके दिवस पारड्यावर हात ठेवून होतात. हात काढा, तिला झोपू द्या, मग परत या.

बाहेर आल्यावर मामाने सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाला, "अक्षर दोन्हीकडून येतं म्हणे. एकदा तुमचीही थुंकी पाठवा." आई रडता रडता फसकन हसली. बाबा हसले नाहीत.

संध्याकाळी बाबा ताईला कारखान्यात घेऊन गेले. मी जिन्यात बसले होते, कुणी जा म्हटलं नाही. बाबांना माफी मागता येत नाही, त्यांना ती भाषाच येत नाही. त्यांनी भिंतीसमोर उभं राहून एकेका खिळ्यावर बोट ठेवलं. हा मी हलवला. हा मी. हा नाही. ताई हाताची घडी घालून ऐकत होती. मग ती विचारायला लागली.

"चिमटा?"

"मी."

"कॅलेंडरचं पान कुणी उलटलं?"

"मी."

"माझी चष्म्याची डबी? ती दोनदा खिडकीत होती."

बाबा थांबले. त्यांनी जिन्याकडे बघितलं. मी मानेनेच नाही म्हटलं. वरून आईही म्हणाली की नाही, डबीला आम्ही हात लावला नाही.

 प्रयोगशाळेचा एक काटा टेबलावर चालू होता, त्याचा शेवटचा आकडा तेवढा लुकलुकत होता.

"मीच ठेवली असेन," ताई म्हणाली.

"असशील," बाबा म्हणाले.

तेवढंच. त्या डबीला किती वजन द्यायचं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि पहिल्यांदाच कुणी ते गुपचूप मोजायला गेलं नाही. बाबांनी तिचा कोट स्टुलावरून उचलला आणि तिच्यापुढे धरला. ती तो घालत असताना म्हणाली, "यापुढे काही वाटलं तर मला तोंडावर सांगायचं. मी वेडी दिसले तर वेडी दिसतेस म्हणायचं." बाबांनी हो म्हटलं. ती जिन्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्यांनी."

परीक्षा त्या वेळची हुकलीच. पुढच्या खेपेसाठी तिने स्वतः जाऊन नाव घातलं. ती झोपायला लागली, पण जेवताना खुर्ची अजून भिंतीचीच घेते. एके दिवशी तिने मला मीठ मागितलं, आणि मी इतक्या घाईने दिलं की ते टेबलभर सांडलं.

डॉक्टरांकडे परत जायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली की आई-बाबा नकोत, भोंगा चालेल. आम्ही दोघी त्याच खुर्च्यांवर बसलो. समोरच्या रांगेत एक माणूस होता, निळा स्वेटर, मांडीवर टोपी. ताई बोलता बोलता थांबली. तिचा हात थांबला, कपाळाला आठी पडली. हे वाचायला मी आता कुणी नेमलेली नव्हते, पण डोळ्यांना सवय लागते.

"भोंग्या." ती ओठ न हलवता बोलली. "तो माझ्याकडे बघतोय का? खरं सांग."

 हो म्हणणं सोपं होतं, बघत असेल गं, लोक बघतात, असं काहीतरी. मी सरळ मान वळवली आणि त्या माणसाकडे बघितलं, चांगलं पोटभर, आई असती तर चिमटा काढला असता. मग त्याच्या नजरेची रेघ धरून मागे आले.

"नाही," मी म्हणाले. "तुझ्या डोक्यावर घड्याळ आहे. ते बघतोय."

ताई माझ्याकडे बघत राहिली. माझा चेहरा मी मुद्दाम तसाच ठेवला, सगळ्या रेघा उघड्या, हव्या त्या वाच म्हणून. घड्याळ तिच्या बरोबर मागे होतं. नुसती मान वळवली असती तरी दिसलं असतं, आणि आमच्या घरात तर दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर कुणी सही करत नाही.

तिने मान वळवली नाही. खुर्चीत जरा मागे सरकली, पाय लांब केले.

"उशीर होत असेल बिचाऱ्याला," ती म्हणाली, आणि आतून आम्हाला हाक आली.